एकोणतीस साते…

बातमी आली तेव्हा मी रवा भाजत होते. रविवार होता, म्हणजे कुंदाताईंच्या फोनचा दिवस. त्यामुळे फोन वाजल्यावर मी उलथनं हातात धरूनच "बोला ताई" म्हणाले. पलीकडे ताई नव्हत्या. त्यांच्या शेजारीण फ्राऊ बेकर होत्या, आणि त्या बाई एरवी इतक्या हळू बोलत नाहीत. म्हणाल्या, सकाळी कचरा टाकायला खाली गेले तर तुमच्या ताई त्यांच्या गाडीत बसलेल्या दिसल्या. ड्रायव्हरच्या सीटवर, पट्टा लावून. मी हात केला, मला वाटलं, निघाल्या कुठेतरी. परत आले तर गाडी तिथेच होती… रवा करपला. त्या वासाने मुकुंद, माझा नवरा, बाहेरच्या खोलीतून आत आला. माझ्या तोंडाकडे बघून त्याने आधी शेगडी बंद केली आणि मग विचारलं, "ताई?" मी मान हलवली. तो त्यांचा एकुलता एक धाकटा भाऊ. मग गाडीच्या किल्ल्या शोधण्यात, कपडे बदलण्यात आणि लुडविग्सहाफेनला पोचण्यात सकाळ गेली, आणि त्या साऱ्या वेळात तो रस्त्याबद्दल सोडून काही बोलला नाही.

कुंदाताई माझ्या नणंद. लग्न होऊन मी जर्मनीत नेकारसुल्मला आले तेव्हा आईने पढवून पाठवल्याप्रमाणे मी त्यांना "वन्सं" अशी हाक मारली, तर त्यांना हसताना ठसका लागला. "वन्सं काय गं! मी काय संगीत नाटकात आहे? सरळ ताई म्हण." ताई म्हटलं, पण 'अहो' आणि 'तुम्ही' मी सोडलं नाही आणि त्यांनीही सोडवलं नाही. या देशातली सगळी मराठी माणसं एका पंगतीत मावली असती अशा काळात त्या पीएचडीसाठी इथे आल्या, मग लुडविग्सहाफेनच्या रसायनांच्या अवाढव्य कारखान्यात प्रयोगशाळेत लागल्या आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिल्या. लग्न का केलं नाही, असं पुण्याहून आलेलं कुणी ना कुणी विचारायचंच. "राहून गेलं," त्या म्हणायच्या, बाजारातून कोथिंबीर आणायची राहून गेल्यासारख्या सुरात. निवृत्तीनंतर त्या पुण्याला परततील अशी सगळ्यांची अटकळ होती. त्यांनी एक जुनं वोनमोबिल घेतलं. आत दोन पलंग, शेगडी, मोरी असलेली ती घरासारखी गाडी. पाठीवर घर आणि चाल ही अशी, म्हणून तिचं नाव गोगलगाय. मुकुंद इथल्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. त्याने गोगलगाईचं बॉनेट उघडून, डोळे मिटून इंजिन ऐकलं आणि म्हणाला, "ताई, हिच्या तोंडात गंगाजल घाल." ताईंनी त्याला बाजूला सारलं आणि गाडीच्या मागच्या बाजूला सायकलींचा स्टँड लावून घेतला.

सायकल त्यांनी चांगली, महागाची जर्मन घेतली होती. घंटी मात्र पुण्याची. कॉलेजात असताना वापरलेल्या सायकलीची ती पितळी घंटी, त्या सामानातून घेऊन आल्या होत्या. इथल्या घंट्या एकदा टिंग करून गप्प होतात. ही घणघणायची, आणि तिचा आवाज विरत विरत बराच वेळ मागे राहायचा. वळण आलं, फाटक आलं, की ताई ती दोनदा वाजवायच्या आणि थांबायच्या. कुणी येत नाही अशी खात्री झाली की पुढे. मला सायकल त्यांनीच शिकवली, चाळिशी उलटल्यावर, राइनच्या काठी. मी पडायची, त्या "ऊठ" म्हणायच्या. लागलं का, वगैरे काही नाही.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात सगळी जर्मनी गालांवर झेंडे रंगवून फुटबॉल बघत होती आणि आमचं घरही त्याला अपवाद नव्हतं. मुकुंद कारखान्यातून आला की टीव्हीसमोर बसायचा तो जेवणही तिथेच मागायचा. एका रविवारी ताईंना फोनवर मागचा आरडाओरडा ऐकू गेला. "हे अजून महिनाभर चालणार? मग तू इथे काय करतेयस? बॅग भर," त्या म्हणाल्या. अशा आम्ही दोघी, नणंद-भावजय, गोगलगाईतून स्पेनला निघालो. माझ्या आईला पुण्यात कळलं तेव्हा तिने दोन वेळा विचारलं, "नणंदेबरोबर? आपण होऊन?"

स्पेनमध्ये बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर सायकलींसाठी वाटा केल्या आहेत. आगगाडीला चढ झेपत नाही, त्यामुळे या वाटा डोंगरातूनसुद्धा सपाट जातात, आणि आमच्यासारख्यांच्या गुडघ्यांना हे फार मानवतं. वाटेत दोन-तीन केल्या, एखाद्या गावाबाहेर गोगलगाय उभी करायची, पिठलं-भात करायचा, उन्हं कलली की सायकली काढायच्या. पण ताईंना ओढ होती ती दक्षिणेकडच्या, ऑलिव्हच्या डोंगरांतल्या एका वाटेची. ती रेल्वे बांधून झाली होती. बोगदे, पूल, स्टेशनं, सगळं. मग यादवी, मग पैशांची चणचण… त्यावरून एकही गाडी कधी धावली नाही. पहिल्या स्टेशनात ताई फलाटावर उभ्या राहिल्या, तिकिटाच्या खिडकीच्या चौकटीवरून त्यांनी हात फिरवला. "गाडी आलीच नाही, बघ. तरी किती नीट बांधलंय!" म्हणाल्या, आणि सायकलीवर बसल्या.

त्या वाटेवर बोगद्यामागून बोगदे आहेत. पहिल्याच बोगद्याशी मी उतरले. अंधाराशी माझं लहानपणापासून वाकडं. आत गेलं की दिवे आपोआप लागतात, असं पाटीवर लिहिलं होतं, पण माझा पाट्यांवर विश्वास नाही. ताई म्हणाल्या, "अगं, आमच्याकडे दिवे गेले की बाबा आम्हाला पाढे म्हणायला लावायचे. मोठ्यांदा. कोण कुठे आहे ते आवाजावरून कळतं आणि रडायला तोंड मोकळं राहत नाही. एकोणतीसचा म्हण. तो सगळ्यात अवघड, त्यात डोकं गुंतलं की भीती वाटायला सवड नाही. मुकुंदा दर वेळी साताला अडकायचा. अडकला की गप्प उभा राहायचा बिचारा, आणि मग मी हळूच सांगायची… बाबांना ऐकू जाणार नाही असं."

मग त्या घंटी दोनदा वाजवायच्या, थांबायच्या आणि आत शिरायच्या. शाळेतल्या चालीवर, शेवटच्या अक्षराला हेल काढून: "एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी…" मी मागून तोच घोशा धरायची. समोरून एक स्पॅनिश जोडपं आलं, ते आमचा काहीतरी धार्मिक विधी चालला आहे असं समजून अदबीने भिंतीला टेकून उभं राहिलं.

अर्ध्या वाटेवरच्या स्टेशनाच्या जरा अलीकडे एक लांब बोगदा आहे. तो आतल्या आत वळतो, त्यामुळे मागचं तोंड दिसेनासं होतं तेव्हा पुढचं अजून दिसत नसतं. तिथले दिवे बंद होते. आम्ही उतरून सायकली हातात धरून चालायला लागलो. ताई पुढे, मी मागे. "पाचे एकशे पंचेचाळीस, एकोणतीस सक एकशे चौऱ्याहत्तर…" आणि आवाज थांबला. "ताई?" माझीच हाक भिंतीवरून परत आली. मी पुन्हा हाक मारली. काही नाही. तिथे उभं राहण्यापेक्षा चालणं बरं, म्हणून मी जिथे तुटला होता तिथून पाढा उचलला आणि जवळजवळ ओरडत, सायकल भिंतीला घासत, पुढे सुटले. वळणानंतर उजेड दिसला. बाहेर आले. पांढरी वाट, ऊन, पलीकडे डोंगराच्या कड्यावर घिरट्या घालणारी गिधाडं… आणि ताई नाहीत. माझ्या पुढे होत्या आणि नाहीत. मग माझ्या मागून, बोगद्यातून, घंटी वाजली. दोनदा. ताई सायकल धरून सावकाश बाहेर आल्या.

"कुठे होतात तुम्ही?"

"आत. भिंतीत कोनाडा आहे माणूस उभं राहील एवढा, त्यात उभी होते. बघत होते कसं वाटतं ते." त्यांनी कपाळ पुसलं. "तू अगदी शेजारून गेलीस. हात लांब केला असता तर तुझ्या खांद्याला लागला असता. आणि साते दोनशे तीन. दोनशे तेरा नाही."

माझा पारा असा चढला होता की सासरचं मोठं माणूस म्हणूनच तोंड आवरलं. स्टेशनापर्यंत मी अबोला धरला. तिथे ताई बाकावर बसल्या त्या बराच वेळ उठल्याच नाहीत. कड्यावरची गिधाडं बघत बसल्या. मग म्हणाल्या, "उरलेलं अर्धं पुढच्या वेळी करू." ताटात वाटाणाभरसुद्धा न टाकणारी बाई ती. पण मला त्या दिवशी पुढच्या बोगद्यांतून सुटका हवीच होती, मी का म्हणून विचारलं नाही.

पुढच्या वर्षी माझी आई आजारी पडली, त्याच्या पुढच्या वर्षी ताईंचं डोळ्यांचं ऑपरेशन झालं. असं होत गेलं. दर रविवारी फोन ठेवताना त्या म्हणायच्या, "राहिलेलं अर्धं करायचंय, लक्षात आहे ना?" मी म्हणायची, "आहे हो ताई." शेवटच्या फोनवरही हेच झालं. त्यांच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं की हृदय गेली कित्येक वर्षं थकलेलं होतं, त्यांना ते पक्कं ठाऊक होतं, गोळ्या नियमित चालू होत्या. आम्हाला पत्ता नाही. आम्ही गाडीला गोगलगाय म्हणत राहिलो, पोटात पाय मात्र ताईंच्या! डॉक्टर बोलत होते आणि मला तो कोनाडा दिसायला लागला. कसं वाटतं ते बघायला त्या उभ्या राहिल्या नव्हत्या. त्यांचा श्वास पुरेना, म्हणून पाढा तुटला होता, आणि ते मला कळू नये म्हणून त्यांनी मला अंधारात शेजारून जाऊ दिलं. तेव्हापासून मला घरात कुठेही दिव्याचं बटण शोधताना वाटतं, कुणीतरी हातभर अंतरावर उभं आहे आणि श्वास रोखून मला जाऊ देतंय.

इथे माणूस गेलं की कागदपत्रं, दुसरी डॉक्टरी तपासणी, स्मशानाची तारीख, हे सगळं अंत्यविधीवाल्या कचेरीच्या तालावर चालतं. दहावा दिवस आला तरी दहन झालेलं नव्हतं. मी म्हटलं, "अरे, ताई अजून त्यांच्या शीतगृहात आहेत, दहावा कसला करतोस?" मुकुंदने पुण्याच्या गुरुजींना फोन लावला, गुरुजी म्हणाले, तिथलं तिथल्यासारखं, तुम्ही दिवस चुकवू नका. भाऊ सगळं यथासांग करत होता. अर्ज, सह्या, फोन, फुलं. रडला मात्र नव्हता. ताईंचं नावही त्याने त्या सकाळपासून काढलं नव्हतं, 'तिकडचं काम' म्हणायचा. नेकार नदीच्या काठी गवतावर आम्ही पत्रावळ म्हणून कागदी बशी मांडली, भाताचे पिंड ठेवले आणि मागे सरून उभे राहिलो. कावळे होते, चांगले धष्टपुष्ट, पण एकही खाली येईना. मुकुंद हात जोडून म्हणाला, "तुझ्या अस्थी पुण्याला नेऊ." नाही. "तुझ्या नावाने शाळेत बक्षीस ठेवू." नाही. "गाडी विकणार नाही." कावळ्याने पंख साफ केले. कुत्रा घेऊन फिरायला आलेल्या एका बाईंनी थांबून आम्हाला ऐकवलं, "पक्ष्यांना खायला घालणं इथे फरबोटन आहे, सक्त मनाई." मुकुंदचा चेहरा इतका ओढला गेला की मला बघवेना. मी पुढे झाले आणि मोठ्यांदा म्हणाले, "ताई, राहिलेलं अर्धं मी करीन. सगळे बोगदे, पहिल्यापासून. एकटी." कावळा उतरला, त्याने बशीतला पिंड उचलला आणि त्या बाईंच्या डोक्यावरून उडून गेला.

"असलं काय बोललीस? अंधारात पाच मिनिटं उभी राहत नाहीस तू!" मुकुंद घरी येताना म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता आणि दुसरंही काही होतं. बहिणीने भावाचं ऐकलं नव्हतं, भावजयीचं ऐकलं होतं. मी तरी काय करणार? शब्द कावळ्याने नेला होता, तो परत मागता येत नाही. पुढे दहन झालं, आणि कलश घरी ठेवायला इथल्या कायद्याने मनाई, म्हणून तो लुडविग्सहाफेनच्या दफनभूमीतच गेला. आमच्या हाती गोगलगाय राहिली आणि ती सायकल.

ऑक्टोबरात आम्ही निघालो. मुकुंदने गोगलगाय चालवली आणि सबंध फ्रान्सभर इंजिनाला नावं ठेवली. ठरलं असं की मी पहिल्या स्टेशनापासून एकटी निघायचं, त्याने गाडी रस्त्याने अर्ध्या वाटेवरच्या स्टेशनाशी न्यायची आणि तिथे थांबायचं. मी कपाळाला दिवा बांधला होता. प्रत्येक बोगद्याशी घंटी दोनदा वाजवली, थांबले, पाढा सुरू केला. माझी घंटी जर्मन, टिंग करून गप्प होणारी. पुढून कुणाचा आवाज येत नव्हता आणि मला तो ऐकायची इतकी सवय होती की मी मधूनमधून माझ्याच ओळीनंतर थांबायची. लांब बोगद्यातले दिवे अजून बंदच होते. वळणाशी मला कोनाडा सापडला. माणूस उभं राहील एवढाच. मी सायकल पलीकडे टेकवली, आत शिरून भिंतीला पाठ लावली आणि कपाळावरचा दिवा बंद केला.

किती वेळ उभी होते सांगता येणार नाही. भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण त्या भीतीत ताईंचा सहवास होता, म्हणून निघवेना. आणि मग घंटी वाजली. दोनदा. पुण्याची, पितळी, विरत विरत मागे राहणारी. मग थोडा वेळ काहीच नाही, आणि अंधारातून, शेवटच्या अक्षराला हेल काढून, "एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न…" ती चाल मी जन्मात एकाच माणसाच्या तोंडी ऐकली होती. आवाज जवळ आला तसा तो जाड आणि थोडा घोगरा झाला, आणि मला कळलं. मी येत नाही म्हणून मुकुंद ताईंची सायकल स्टँडवरून काढून निघाला होता. त्या सायकलीच्या दिव्याची बॅटरी ताई गेल्यापासून कुणी भरलीच नव्हती, आणि घाईत त्याचा फोन गाडीतच राहिला होता. तो ती हातात धरून चालत येत होता, आणि लहानपणी दिवे गेल्यावर करायचा तेच करत होता.

"…एकोणतीस सक एकशे चौऱ्याहत्तर. एकोणतीस साते…" तो अगदी माझ्यासमोर आला आणि अडकला. चाकं थांबली. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. तो गप्प उभा राहिला, कुणी सांगेपर्यंत उभं राहायचं असतं तसा.

"दोनशे तीन," मी हळूच म्हणाले, आणि हात लांब केला. तो त्याच्या खांद्याला लागला.

"ताई?" मुकुंद म्हणाला.

मी हात तसाच ठेवून म्हणाले, "नाही रे. मी आहे." आणि त्या कोनाड्यापाशी, सायकल सोडून देऊन, माझा नवरा त्या रविवारनंतर पहिल्यांदा रडला. सायकल खाली पडली तेव्हा घंटी आपोआप एकदा खणाणली. दिवा मी लावला नाही.

उरलेलं अर्धं आम्ही दोघांनी केलं. 'एकटी' हा शब्द काही मला पाळता आला नाही, पण कावळा त्यासाठी स्पेनपर्यंत येणार नाही. बाहेर आल्यावर मुकुंद म्हणाला होता, "तू हात लावला नसतास तर मी तसाच पुढे निघून गेलो असतो." मला माहीत आहे, असं मी म्हटलं.

गोगलगाय आता आमच्या दाराशी असते आणि ताईंची सायकल खाली तळघरात. कारखान्यातून आल्यावर मुकुंद काही ना काही आणायच्या निमित्ताने तळघरात उतरतो, आणि तिथला दिवा लावत नाही. थोड्या वेळाने जिन्यातून घंटी ऐकू येते, दोनदा, आणि तिचा आवाज विरेपर्यंत खाली सगळं शांत असतं. मी पोळी उलटते आणि वरून सांगते, "दोनशे तीन."